शेंगा चटणीचा धंदा काढताय? आधी हे बघा
सोलापुरात घरोघरी शेंगा चटणी कुटतात, त्यामुळं आपणपण विकू असं वाटतंच, पण आधी एक किलोचा हिशोब स्वतः मांडा. शेंगदाणे भाजून फोलपटं पाखडली की वजन घटतं ते धरा, मग तिखट, लसूण, गॅस, पाकीट आणि स्वतःची मजुरी (ही कुणीच धरत नाही बघा). जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) माल खपतो म्हणून त्यावर वर्षाचं गणित बांधू नका, पावसाळ्यातला मंदीचा महिना धरा. दुकानदार पैसे महिन्याभरानं देतात, म्हणजे ते यायच्या आत पुढचे शेंगदाणे भरायला रोकड लागतेच, माझं तिथंच अडकलेलं. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) सरकारी साइटवर फुकट होतं, एजंटला पैसे देत बसू नका. फूडचं रजिस्ट्रेशन (खायचे पदार्थ विकायला लागतं ते, FSSAI चं) मात्र वेगळं काढावं लागतं.