कर्ज फेडताना महिन्याचा किराणा कसा भरावा

कर्जात असलेल्या घरात काटकसर बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरू होते. वरण पातळ होतं, मुलांचं दूध अर्ध्यावर येतं, घरातली बाई शेवटी उरेल ते खाऊन उठते. तेल, चहा-साखर, बिस्किटं, फरसाण आणि वहीवर लिहून आणलेला महाग माल मात्र तसाच चालू राहतो. पैसा गळतो तो इथून. म्हणून आधी डाळ, दूध, अंडी आणि पालेभाजी यांना हात लावायचा नाही असं ठरवा, मग बाकीच्याकडे वळा.

खालची सगळी मापं चार जणांच्या घराची आहेत: दोन मोठी माणसं आणि शाळेत जाणारी दोन मुलं.

महिनाभराचं माप

गेल्या महिन्याची बिलं, दुकानदाराची वही आणि फोनवरच्या यूपीआयच्या नोंदी समोर घ्या आणि खर्चाचे चार ढीग करा: धान्य-डाळ-तेल-मीठमसाला, भाजी-दूध-अंडी, साबण-पावडर, आणि खाऊ. चौथा ढीग काळजीपूर्वक बघा. दहा-वीस-तीस रुपयांचे व्यवहार लक्षात राहत नाहीत, पण दिवसाला ३० रुपये म्हणजे महिन्याला ९०० रुपये, आणि तेवढ्यात चौघांची पाच-सहा किलो कडधान्यं येतात.

मग यादी सवयीने न लिहिता मापाने लिहा. एक किलो कणीक मळली की साधारण १,६०० ग्रॅमचा गोळा होतो, त्याच्या ५० ग्रॅमच्या तीस-बत्तीस पोळ्या. दिवसाला चौदा पोळ्या लागत असतील तर महिन्याला १३ ते १४ किलो गहू पुरतो. तांदूळ ७ किलो. डाळी ३ किलो आणि कडधान्यं २ किलो, म्हणजे माणशी दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास. याहून कमी करू नका. तेल अडीच लिटर. शेंगदाणे, पोहे, रवा आणि मीठ प्रत्येकी एक किलो.

गहू दळून आणणं तयार आट्यापेक्षा बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतं, पण एका वेळी पाच किलोच दळा; पावसाळ्यात पीठ पंधरा दिवसांत जाळी धरतं. भाकरी स्वस्त हा जुना हिशेब मात्र तपासून घ्या. मालदांडी ज्वारी अनेकदा गव्हापेक्षा महाग मिळते. बाजरीचा भाव विचारा.

रेशनवरचं धान्य

अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून हे मोफत आहे. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा गावात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे. यात बसत नसाल तर हा भाग सोडून पुढे जा. बसत असूनही धान्य सुटत असेल तर कारण बहुतेक दोनांपैकी एक असतं. पहिलं, घरातल्या एखाद्याचं ई-केवायसी, म्हणजे अंगठा देऊन आधारशी ओळख पटवणं, झालेलं नसतं. यात मुलांचे अंगठे हमखास अडतात, कारण आधारमधले ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. दुसरं, कामासाठी गाव सोडलेलं असतं आणि कार्ड गावच्या दुकानाचं म्हणून कोणी जात नाही. आता देशातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात त्याच कार्डावर धान्य घेता येतं. तुमच्या वाट्याला किती आहे ते ‘मेरा राशन’ ॲपवर दिसतं. यंत्रातून निघालेली पावती मागून घ्या आणि तिच्यावरचा आकडा पिशवीतल्या वजनाशी ताडा. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

चौघांना २० किलो मिळतं. त्यात तांदूळ जास्त आला तर तो उरतो आणि घरं तो व्यापाऱ्याला विकतात. तसं करू नका. तो गुन्हा आहे आणि कार्ड जाऊ शकतं. त्या तांदळाने दुसरं काहीतरी वाचवा. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ घेऊन इडली-डोशाचं पीठ करा, म्हणजे नाश्त्याचे पाव आणि बिस्किटं थांबतात. धुऊन सावलीत वाळवून दळलेल्या तांदळाची भाकरी किंवा घावन झाले की तेवढा गहू वाचतो. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे, पांढुरके दिसले तर त्यांना प्लास्टिक समजून वेचून टाकू नका. लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले हे दाणे शंभराला एक या प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असतात.

घरात सहा वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई असेल तर अंगणवाडीत नाव आहे ना ते बघा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं. संकोचाने डबा देऊन मुलाला त्या जेवणापासून दूर ठेवू नका.

दुकानदाराची वही

उधारीवर किराणा घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही. दुसऱ्या दुकानात डाळ किलोमागे दहा रुपयांनी स्वस्त असली तरी जाता येत नाही, आणि ‘हे नाही, हे घ्या’ म्हटलं की घ्यावं लागतं. वहीवर व्याज लिहिलेलं नसतं. ते भावात असतं.

वही बंद करण्याची पद्धत अशी. महिन्याच्या सुरुवातीला दुकानात स्वतः जा, सगळी बाकी मोजून घ्या आणि त्याखाली दुकानदारासमोर रेघ मारा. बाकी ६,००० असेल तर दर महिन्याला १,००० रुपये, सहा महिने, हे तारखेसह बोलून घ्या. रेघेच्या खाली नवीन काही लिहायचं नाही. आजपासूनचा माल रोख. बहुतेक दुकानदार याला तयार होतात, कारण ठरलेला हजार त्यांनाही लोंबकळलेल्या सहा हजारांपेक्षा बरा वाटतो. न सांगता दुसऱ्या दुकानात जाणं ही इथली मोठी चूक आहे. गल्लीत पत जाते आणि अडचणीच्या दिवशी दार बंद होतं.

पहिला महिना अवघड जातो, कारण जुनी बाकी आणि रोख खरेदी एकदम अंगावर येतात. बेत तिथेच फसतो. म्हणून तो महिना असा निवडा की डब्यांत थोडं शिल्लक आहे, रेशन नुकतं आलं आहे आणि सण नाही. मजुरी आठवड्याला मिळत असेल तर किराणाही आठवड्याचाच भरा. महिन्याचा माल एकदम घेऊन किलोमागे चार रुपये वाचवायला उधारी करावी लागत असेल तर त्या चार रुपयांना अर्थ नाही.

हेच वर्षाच्या धान्याचं. एप्रिल-मेमध्ये साठवणीचा गहू भरण्याची आपल्याकडे रीत आहे आणि हातात पैसा असेल तर ती चांगली आहे. पण महिना ३ टक्के व्याजाने पैसे उचलून गहू भरला तर तो सरासरी सहा महिने घरात राहतो, म्हणजे किमतीवर १८ टक्के व्याज चढलं. गव्हाचा भाव पुढे तेवढा वाढेलच असं नाही. कर्ज आहे तोवर एका महिन्याचाच गहू घ्या.

क्रेडिट कार्डावर किराणा तर अजिबात नको. आधीचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या साखरेवर आजपासून व्याज लागतं.

तेल, डाळ, साखर

बचत सगळ्यात जास्त तेलात निघते, आणि जेवणाचा कस कमी न होता निघते. पिशवी कापून थेट कढईत ओतण्याची सवय मोडा. आठवड्याचं ६०० मिलिलिटर एका बाटलीत काढा, तेवढ्यातच आठवडा भागवायचा. चौघांच्या भाजीच्या फोडणीला तीन छोटे चमचे, म्हणजे १५ मिलिलिटर तेल पुरतं. कांदा चिकटतो म्हणून आपण तेल वाढवतो. त्याऐवजी चिमूट मीठ घालून झाकण ठेवा, कांदा स्वतःच्या पाण्यात मऊ होतो. तळण पंधरा दिवसांतून एकदा, थोड्या तेलात. उरलेलं तेल गाळून तीन-चार दिवसांत फोडणीत संपवा. काळं पडलेलं किंवा फेस येणारं तेल परत वापरू नका.

पिशवी घेताना वजन वाचा. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं, पण दुकानात तेवढीच दिसणारी ८५०, ८०० ग्रॅमची पाकिटंही असतात. ९१० ग्रॅम १५० रुपयांना म्हणजे १०० ग्रॅमला साडेसोळा रुपये; ८०० ग्रॅम १३६ रुपयांना म्हणजे १७ रुपये. चौदा रुपयांनी स्वस्त वाटलेली पिशवी खरं तर महाग आहे. पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो, तोच बघा. साबण आणि कपड्यांच्या पावडरीलाही हेच करा. एकावर एक मोफत असलेली वस्तू यादीत नसेल तर घेऊ नका.

डाळीत रोज तूरच हवी ही सवय महाग पडते. वरणाला दोन भाग तूर, एक भाग मसूर किंवा मूग घ्या. चौघांच्या एका जेवणाला एकूण १५० ग्रॅम पुरते आणि चवीत फारसा फरक कळत नाही. तूर घेताना एक नंबर फटका डाळ न घेता त्याखालची प्रत घ्या. वरणात डाळ घोटायचीच असते. आठवड्यातून तीन दिवस मटकी, चवळी, हुलगे, अख्खा मसूर. २०० ग्रॅम मटकी भिजून मोड आले की ४०० ग्रॅमच्या वर भरते. मोडांना वास येतो तो फडकं फार ओलं राहिल्याने. पाणी पूर्ण निथळू द्या आणि पावसाळ्यात बारा तासांनी एकदा धुऊन परत बांधा. सोयाबीन वडी विसरू नका. तिच्यात वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. ५० ग्रॅम वडी भिजवून, पिळून, बटाट्याच्या रश्शात घातली की भाजी चौघांना भरपेट होते.

चहाचं गणित छोटं पण बोलकं आहे. दोन मोठी माणसं, दिवसाला तीन-तीन कप, कपाला दोन चमचे साखर: दिवसाला ६० ग्रॅम, महिन्याला १८०० ग्रॅम. एक चमचा केला की ९०० ग्रॅम वाचली. एकदम निम्म्यावर आणलं तर घरात कुरबुर होते, म्हणून आठवड्याला पाव चमचा कमी करा.

भाजी आणि साठवण

आठवडी बाजारात उठायच्या वेळी भाजी स्वस्त मिळते, पण तेव्हा फक्त टिकणारी घ्या: कांदा, बटाटा, दुधी, भोपळा, कोबी. संध्याकाळची मेथी आणि पालक दुसऱ्या दिवशी पिवळे पडतात आणि स्वस्ताई कचऱ्यात जाते. पालेभाजी सकाळी, एका दिवसापुरती. कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. कोथिंबीर न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. कोबीचा दांडा, फ्लॉवरची कोवळी पानं, मुळ्याचा पाला आणि दोडक्याच्या शिरा यांची भाजी आणि चटणी घराघरांत होत आली आहे. ती परत करा.

गहू आणि डाळ दोन दिवस कडक उन्हात वाळवा, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं तर आत घाम धरतो आणि सोंडे होतात. तांदूळ उन्हात घालू नका, दाणा तडकतो. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल तेल चोळा, शिजवण्याआधी कोमट पाण्याने धुवा. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही आणू नका. त्यातून निघणाऱ्या वायूने झोपेतली माणसं दगावतात.

वाचलेले पैसे कुठे जातात

महिन्याला २,००० रुपये वाचले आणि खात्यात पडून राहिले, तर ते महिनाअखेर कशात तरी संपतात. म्हणून किराणा भरला त्याच दिवशी फरकाची रक्कम सगळ्यात जास्त व्याजाच्या कर्जात भरा. क्रेडिट कार्डावर ३०,००० रुपये महिना साडेतीन टक्क्यांनी थकले आहेत असं धरू. पहिल्या महिन्याचं व्याज १,०५०, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९, मिळून १,२३९. किमान रक्कम म्हणून १,५०० भरले तर मुद्दल फक्त २६१ रुपयांनी उतरतं. त्याच १,५०० मध्ये किराण्यातले २,००० घातले आणि दर महिन्याला ३,५०० भरले, तर नवी खरेदी न करता साधारण अकरा महिन्यांत कार्ड मोकळं होतं. कार्ड संपलं की तेच ३,५०० पुढच्या महाग कर्जाकडे वळवा. बचत गटाचं किंवा सोनेतारण कर्ज सहसा त्यापेक्षा कमी व्याजाचं असतं.

हप्त्यासाठी धान्याचे पैसे मात्र देऊ नका. वसुलीवाल्यांच्या धाकाने हप्ता भरला आणि पंधराव्या दिवशी परत वहीवर तांदूळ आणला, तर कर्ज एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलं, एवढंच. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो फोनवर शांतपणे सांगा आणि हप्ता कमी करून मुदत वाढवून देण्याचा अर्ज लेखी द्या.

दिवाळीच्या महिन्यात हा बेत मोडतो, दरवर्षी. फराळाला तेल, बेसन, साखर, रवा आणि तूप एकदम लागतं आणि वही परत उघडते. श्रावण लागला की महिन्याला ३०० रुपये वेगळ्या डब्यात टाकायला सुरुवात करा, आणि फराळ पाच पदार्थांऐवजी दोनच करा: पोह्यांचा चिवडा आणि रव्याचे लाडू. दोन्हीला तळण लागत नाही.