प्रायमरखाली बुजलेल्या रेघा : माझा अनुभव

अंतराळयानाच्या प्लास्टिक मॉडेल किटचं (सुटे भाग जोडून बनवायच्या छोट्या प्रतिकृतीचं) पोट अगदीच सपाट होतं. म्हणून ०.२५ मिमी स्टायरीन (एक प्लास्टिक) शीटचे बारीक चौकोन आणि रणगाड्याच्या जुन्या किटमधले उरलेले सुटे भाग चिकटवले. दोन आठवड्यांचं काम! मग स्प्रेचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) जवळून, एकाच जाड थरात मारला आणि पॅनेलच्या, म्हणजे यानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या, सगळ्या कोरीव रेघा बुजल्या. जीव हळहळला.

प्रायमर अ‍ॅक्रिलिक होता, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने निघाला. स्टायरीनला काही झालं नाही. रेघा स्क्रायबरने (कोरायच्या टोकदार हत्याराने) हलक्या हाताने पुन्हा कोरल्या, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलं. या वेळी २०-२५ सेंमीवरून तीन पातळ हात दिले. प्रायमरच्या करड्या रंगाखाली गोंदाचा एक डाग उठून दिसला, तेवढाच घासला. आता रेघा स्वच्छ दिसताहेत.