माहिती अधिकाराचा अर्ज: ‘का’ विचारू नका, कागद मागा

महाराष्ट्रात या अर्जाला एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. पहिला खर्डा संतापाच्या भरात लिहिला तरी हरकत नाही. पाठवण्याआधी त्यातली तक्रार गाळा. ‘आमच्या गल्लीतला रस्ता इतक्या लवकर का उखडला?’ असं विचारलं, की उत्तर टाळायला वाव मिळतो. त्याऐवजी लिहा: ‘अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि अंतिम देयक यांच्या प्रती द्याव्यात. कालावधी: एप्रिल २०२३ ते मार्च २०२४.’ (मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही.) ‘सर्व माहिती’, ‘इत्यादी’ दिसलं की खोडा. ‘सविनय सादर करण्यात येते की’ची लांबलचक प्रस्तावनाही उडवा, ती नुसते शब्द खाते.