कमिशन कापतायत? इंदूरच्या सेल्सवाल्यांनो, या चुका टाळा

फर्निचरचे शोरूम, मोबाईलची दुकानं, साड्यांचे होलसेलवाले, बायपासकडच्या कॉलन्यांची बुकिंग ऑफिसं, इंदूरात जिथे जिथे सेल्समन आहे तिथे पगार थोडा आणि कमिशन जास्त असं ठरलेलं असतं, आणि महिना संपून हिशोब हातात आला की त्यात काहीतरी कमी निघतं. विचारलं की सेठ म्हणतात, "अगले महीने देख लेंगे." आपली मराठी मुलंमुली यात भरपूर आहेत, रामबाग, सुदामा नगर, राजेंद्र नगरकडून रोज जेल रोडला नाहीतर विजय नगरला जाणारी. मी बरीच वर्षं दुकानदारांचे अकाउंट्स लिहिलेत त्यामुळे ही कपात वहीत कशी दिसते ते मला माहितीये. माझं सांगणं एकच आहे, "किती कापलं" यावरून भांडण सुरू करू नका, आधी "हे कमिशन माझं कधी झालं" ते पक्कं करा. कारण वेळ आली की मालक कापलं असं म्हणतच नाही, तो म्हणतो ते तुझं झालंच नव्हतं.

पहिली चूक: टक्का विचारला, बाकी काहीच नाही

नोकरी लागताना सगळे विचारतात किती टक्के. दोन टक्के म्हटलं की खूश. पण दोन टक्के कशाचे? बुकिंग झालं की मिळणार, बिल बनलं की मिळणार, माल पोचला की मिळणार, का गिऱ्हाइकाचे पूर्ण पैसे आले की? माल परत आला तर काय? बिलात दोन सेल्समनची नावं असतील तर वाटणी कशी? आणि नोकरी सोडली तर सोडायच्या आधी केलेल्या बुकिंगचं काय? नव्वद टक्के भांडणं याच प्रश्नांमधून निघतात असं मला वाटतं, टक्क्यावरून फार क्वचित.

एक हिशोब करून बघू. मॉड्यूलर किचन आणि फर्निचरचं शोरूम, बिल २,३६,००० चं, त्यात १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे मालाची किंमत २,००,०००. दोन टक्के धरले तर एकजण म्हणेल ४,७२०, दुसरा म्हणेल ४,०००. हे ७२० रुपये "कापलेले" नाहीत, सरकारला जाणाऱ्या टॅक्सवर कमिशन बहुतेक ठिकाणी देत नाहीत, तेव्हा यावरून सेठशी भांडायला गेलात तर खऱ्या कपातीच्या वेळी तुमचं कोणी ऐकणार नाही. आता समजा गिऱ्हाइकाने त्यातली ४०,००० ची एक वस्तू परत केली. टॅक्स वगळून ४०,०००, तर त्याचे दोन टक्के ८०० जातील, हे समजू शकतो. पण शोरूमवाले पूर्ण ४,००० उडवतात आणि सांगतात की ऑर्डर कॅन्सल झाली. इथे ३,२०० रुपये तुमचे आहेत आणि ते मागायला तुमच्याकडे बिल नंबर पाहिजे, क्रेडिट नोटचा (माल परत आल्यावर दुकान काढतं त्या कागदाचा) नंबर पाहिजे, तारीख पाहिजे. "मला कमी दिले" या वाक्याला कोणत्याही टेबलावर किंमत नाही, "अमुक बिलावर ३,२०० कमी दिले" याला आहे.

दुसरी चूक: सगळं तोंडी

ऑफर लेटरमध्ये कमिशनची ओळ नसते, किंवा असते ती "कंपनीच्या धोरणानुसार इन्सेंटिव्ह" एवढीच. मग धोरण दर महिन्याला बदलतं. आता ठरलेलं लिहून मागायला मुलं घाबरतात, नवीन नोकरी आहे, सेठला राग येईल. ठीक आहे, मागू नका, तुम्हीच लिहा. ज्या दिवशी बोलणं झालं त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज टाका की सर, आज ठरलं त्याप्रमाणे किचनच्या बिलावर जीएसटी सोडून दोन टक्के, गिऱ्हाइकाचे पैसे पूर्ण आले की पुढच्या महिन्याच्या पगारात, काही चुकलं असेल तर सांगा. हिंदीतच टाका, पुढे कुठे दाखवायची वेळ आली तर भाषांतर करत बसायला नको. सेठ "ओके" म्हणाले तर उत्तम, गप्प राहिले तरी मेसेज वाया जात नाही, गप्प राहणं म्हणजे होकार असं कायदा म्हणत नाही पण त्यानंतर दोन-तीन महिने त्याच हिशोबाने पैसे आले तर ते पैसेच साक्ष देतात.

रोजची एक वही ठेवा, तारीख, बिल नंबर, मालाची रक्कम, गिऱ्हाइकाचे पैसे कधी आले, माझं कमिशन किती. फक्त स्वतःच्या सौद्यांची. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून पूर्ण कस्टमर लिस्ट पेन ड्राइव्हवर घेऊन जाऊ नका, फोन नंबरांची शीट स्वतःला मेल करू नका. मग तुमची कमिशनची तक्रार बाजूला राहते आणि डेटा चोरला अशी त्यांची तक्रार पुढे येते. आणि व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर स्क्रीनशॉट काढून चॅट डिलीट करू नका, मूळ चॅट त्या फोनमध्येच राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा चालतो पण त्याच्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोनच नसेल तर ते देणं कठीण जातं.

रोख कमिशन आणि कच्ची पर्ची

आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की याला वेगळं लिहायलाच पाहिजे. पगार बँकेत, कमिशन रोख, पाकिटात, बरोबर एक कच्ची पर्ची ज्यावर ना दुकानाचं नाव ना सही. पर्ची फेकू नका, फोटो काढून ठेवा. रोख घेतली की त्याच दिवशी मेसेज, "सर, आज मे महिन्याच्या कमिशनचे ६,००० मिळाले, ३,२०० बाकी आहेत." आणि शक्य असेल तर तेवढेच पैसे दुसऱ्या दिवशी आपल्या खात्यात भरा, दर महिन्याला पगारानंतर तशीच रक्कम खात्यात जमा झालेली दिसली तर कमिशन नावाची गोष्ट होती हे तरी कोणाला नाकारता येत नाही.

सगळी कपात एकाच पोत्यात भरू नका

पगाराच्या स्लिपवर "इतर कपात" अशी एक ओळ असते आणि तिच्यात काय काय असतं देव जाणे. उशीर झाला म्हणून दंड, शोकेसची काच फुटली ती, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले ते, मागे घेतलेला अ‍ॅडव्हान्स, टीडीएस (म्हणजे पैसे देतानाच कापलेला इन्कम टॅक्स). प्रत्येकाचा नियम वेगळा आहे म्हणून आधी लेखी विचारा की ही रक्कम कशाकशाची.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झालीये, जुना १९३६ चा वेतन अदायगी कायदा तिच्यात गेला. जुन्या कायद्यात महिना २४,००० पर्यंतच्या पगारवाल्यांनाच जागा होती, आता ती मर्यादा नाही, मॅनेजरसुद्धा कर्मचारी धरला जातो. संहितेप्रमाणे दंड त्या पगार-काळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही आणि तोही तुमचं म्हणणं ऐकून. नुकसानीची वसुली तेव्हाच जेव्हा माल किंवा पैसे खास तुमच्या ताब्यात दिलेले होते आणि नुकसान सरळ तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं, आणि तेव्हाही बोलायची संधी द्यावीच लागते. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. तेव्हा गिऱ्हाइकाला उधार द्यायचं सेठनेच ठरवलं, गिऱ्हाईक पळालं, आणि वसुली तुमच्या पगारातून, हे बसत नाही.

पण इथे एक खाच आहे आणि ती माहीत नसल्यामुळे लोक ऑफिसात जाऊन अडकतात. संहितेत "वेतन" म्हणजे काय याची जी व्याख्या आहे तिच्यातून कमिशन बाहेर ठेवलंय. म्हणजे वरचे सगळे नियम पगाराला सरळ लागतात, कमिशनला तसे सरळ लागत नाहीत. त्यालाही पुढे एक अट आहे, अशा बाहेर ठेवलेल्या गोष्टी मिळून एकूण मिळकतीच्या अर्ध्यापेक्षा जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनच धरतात. समजा पगार १२,००० आणि कमिशन १८,०००, बाकी काही नाही. एकूण ३०,०००, अर्धे १५,०००, कमिशन त्याच्या ३,००० वर आहे म्हणून ते ३,००० वेतनात मिळवायचे आणि वेतन झालं १५,०००. म्हणून तक्रारीत फक्त "कमिशन कापलं" एवढं लिहू नका, पगार किती, कमिशन किती, कोणत्या महिन्याचं, सगळं आकड्यात लिहा. आणि कमिशन बाजूला ठेवून नुसता पगार मध्य प्रदेशच्या किमान वेतनाएवढा तरी भरतो का ते पण बघा, खूप ठिकाणी भरत नाही, आणि तो मुद्दा कमिशनपेक्षाही मजबूत असतो.

सगळ्यात मोठी चूक: स्वतःच वसूल करणं

हे नीट वाचा कारण यात चांगली चांगली पोरं फसलीयेत. सेठकडे १५,००० अडकलेत, आज गिऱ्हाइकाकडून २०,००० रोख आले, मग त्यातले १५,००० ठेवून ५,००० जमा केले, हिशोब बरोबर. तुमच्या मनात बरोबर, कायद्यात नाही. ते पैसे तुमच्याकडे मालकाच्या भरवशावर आलेले होते, आणि नोकराने असे पैसे ठेवून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हेगारी विश्वासघात धरला जाऊ शकतो, कारकून किंवा नोकर असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत. ज्या माणसाचे पैसे अडकले होते तोच आरोपी होतो. तेच डेमोच्या फोनचं, लॅपटॉपचं, दुकानाच्या चाव्यांचं. कंपनीची प्रत्येक वस्तू परत द्या, यादी करून, सही घेऊन, सही देत नसतील तर फोटो काढून मेल करा. यानंतरच तुमची मागणी स्वच्छ राहते.

रागात राजीनामा, आणि फुल अँड फायनलवर (शेवटच्या हिशोबावर) सही

गुगलवर रिव्ह्यू टाकणं, स्टाफच्या ग्रुपवर सेठला शिव्या, याने एक रुपया येत नाही. जायचंच असेल तर आधी कागद जमवा, बाकी किती याचा मेल टाका, मग राजीनामा द्या. नोकरी सुटली, मग काढलं असो की तुम्ही सोडली असो, वेतन संहितेप्रमाणे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं.

हिशोबाच्या वेळी छापील कागद समोर येतो, "मला सर्व रक्कम मिळाली, काही येणे बाकी नाही." चेक टेबलावर, पेन हातात, आणि बाहेर दुसरी मुलं थांबलेली. सही करावी लागली तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा की एवढी रक्कम मिळाली, कमिशनचे एवढे बाकी, हिशोब मान्य नाही. ते लिहू देत नसतील तर पैसे घेऊन त्याच दिवशी मेल करा की सही कोणत्या परिस्थितीत केली. दोन महिन्यांनी केलेला तसाच मेल फार कमी कामाचा असतो.

चुकीच्या दारात जाऊ नका

लोक आधी पोलीस ठाण्यात जातात. ठाण्यात सांगतात की हा पैशाचा मामला आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंच आहे. कर्मचारी असाल तर दार लेबर ऑफिसचं. मध्य प्रदेशचं श्रमायुक्त कार्यालयच आपल्या इंदूरात आहे, एमजी रोडवर मोती बंगल्याला, भोपाळला जायची गरज नाही. सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार टाकायला हरकत नाही, पण तिथे नुसती तक्रार पुढे जाते, तुमचा दावा ठरवायचं काम अधिकाऱ्याचं असतं आणि त्याच्याकडे लेखी अर्ज लागतो. वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, जुन्या कायद्यात ती १२ महिनेच होती, म्हणून नोव्हेंबर २०२५ च्या आधीचे महिने असतील तर वकिलाला पहिले विचारून घ्या. दावा खरा ठरला तर रकमेशिवाय दहा पटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, कलम ५९. पण कमिशन ठरलेलं होतं एवढं तरी तुम्हालाच दाखवावं लागणार, ती वही आणि ते मेसेज इथेच लागतात.

आणि जे लोक खरोखर एजंट आहेत, हजेरी नाही, पगार नाही, मनाला येईल तेव्हा काम, त्यांच्यासाठी लेबर ऑफिस नाही, त्यांना वकिलाची नोटीस आणि सिव्हिल कोर्टात वसुलीचा दावा. बरेच मालक मात्र साध्या नोकराला कागदावर एजंट दाखवतात. रोज दहा वाजता यायचं, रजा विचारून घ्यायची, दुकानाचा टी-शर्ट घालायचा, आणि कागदावर "कमिशन एजंट", तर नुसत्या त्या नावाने घाबरू नका, हजेरीचे फोटो, रजेचे मेसेज, ड्यूटीचा चार्ट जपून ठेवा. इन्कम टॅक्सच्या साइटवर आपला २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सचा तक्ता) उघडून बघा टीडीएस पगार म्हणून कापलाय का कमिशन म्हणून, मालकाने तुम्हाला काय दाखवलंय ते लगेच कळतं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. बायका आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे वकील फुकट मिळतो, त्यांची कमाई बघत नाहीत. साड्यांच्या दुकानांतल्या आपल्या ताई-वहिनींना हे कोणी सांगतच नाही.

अर्ज एकट्यानेच करायला पाहिजे असंही नाही. एका दुकानातल्या पाच जणांचं कमिशन कापलं असेल तर पाचही जणांसाठी एकच अर्ज चालतो, युनियनसुद्धा करू शकते. फक्त प्रत्येकाचा हिशोब वेगळ्या कागदावर लावा, बिल नंबरासकट, आणि पाचांपैकी एखाद्याचा आकडा फुगवलेला असेल तर तो अर्ज देण्याआधीच दुरुस्त करून घ्या.