एब्रोच्या खोऱ्यात सायकल चालवताना या चुका टाळा

स्पेनला सायकल न्यायची म्हटली की बहुतेकांच्या तोंडी माल्योर्का नाहीतर गिरोना येतं. एब्रो नदीचं वरचं खोरं त्या यादीत सहसा नसतं, म्हणून तिथल्या खाचाखोचा सांगणारंही कुणी भेटत नाही. ही ९३० किलोमीटर लांबीची नदी कांटाब्रियात राइनोसाजवळ फोंतिब्रेला उगम पावते, बुर्गोस प्रांतातले चुनखडीचे कडे कापत जाते आणि आरो गावाशी रिओहाच्या द्राक्षमळ्यांत शिरते. उगमापासून आरोपर्यंतचा टप्पा म्हणजे मोकळे डांबरी रस्ते, दगडी गावं आणि डोक्यावर घिरट्या घालणारी गिधाडं. सायकलवाल्याला आणखी काय हवं! पण इथे फजिती होते ती तब्येत कमी पडल्यामुळे क्वचितच. घरी बसून नकाशा नीट न वाचल्यामुळे आणि तिथलं घड्याळ न समजल्यामुळे जास्त.

नदीकाठ म्हणजे सपाट रस्ता, असं धरून चालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. नकाशावर निळी रेघ दिसते, तिच्या आसपास रस्ता दिसतो, अंतर ८० किलोमीटर. चार तासांत आटपेल, असा हिशोब मांडून माणूस निघतो.

सुरुवातीला हा हिशोब खराही वाटतो. पोलिएन्तेसहून ओर्बानेखा देल कास्तिल्योकडे जाणारा रस्ता खरोखरच नदीला चिकटून जातो. चढ नावापुरते. ओर्बानेखात गावाच्या मधूनच धबधबा कोसळतो आणि रस्त्याखालून एब्रोला मिळतो. तिथे फोटो काढून, कॉफी पिऊन माणूस खुशीत पुढे सरकतो. वाल्देलातेखाला रुद्रोन नदी एब्रोला येऊन मिळते आणि इथून पुढे सगळं बदलतं. पेस्केरा दे एब्रोपर्यंत नदी खोल घळीत शिरते. काठाने जाते ती फक्त पायवाट. डांबरी रस्ता नदीची साथ सोडून वळसा घेतो आणि वरच्या पठारावर चढतो. या उघड्या पठाराला तिकडे पारामो म्हणतात, उंची साधारण १००० मीटर. वर चढायचं, वाऱ्यात पठार ओलांडायचं, पुन्हा नदीशी उतरायचं, पुन्हा चढायचं. दिवसाअखेरीस बेरीज केली तर एखादा भलामोठा घाट चढून झालेला असतो, फक्त तो तुकड्यातुकड्यांनी चढल्यामुळे लक्षात आलेला नसतो.

त्यात मुक्कामाची गावं उंचावर. फ्रिआस कड्याच्या टोकावर, किल्ल्यासकट. १४३५ साली नगराचा दर्जा मिळालेलं हे गाव आज ३०० माणसांचंही नाही. पुढे ब्रिओनेस, सान व्हिसेन्ते दे ला सोन्सिएर्रा, लाग्वार्दिया, सगळी टेकडीवर. मध्ययुगात शत्रूवर नजर ठेवायला वसवलेली गावं खाली कशाला असतील? सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, तरी खोली आरक्षित करताना ते विसरायला होतं आणि दिवसाचा सगळ्यात तीव्र चढ शेवटच्या किलोमीटरला पायाखाली येतो. तोही बऱ्याचदा दगडी फरसबंदीवर. ही फरसबंदी ओली असेल तर उतरून सायकल हातात धरा, त्यात कमीपणा नाही.

म्हणून आखणी करताना किलोमीटर नंतर बघा, एकूण चढ आधी. भाड्याची सायकल घेताना गिअरच्या चक्रांना पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दात आहेत ना, हे विचारून घ्या. मागे २८ दातांवर भागवणारे असतील, पण सामानासकट चौथ्या दिवशी नाही.

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे ॲपने दाखवलेल्या वाटेवर डोळे मिटून जाणं. एब्रोच्या काठाने जीआर ९९ नावाची लांब पल्ल्याची वाट आहे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी खुणावलेली. ती चालणाऱ्यांची. काही ॲप तिलाच सायकलचा रस्ता समजून जोडून देतात आणि तुम्ही २८ मिलिमीटरच्या टायरवर गोट्यांत जाऊन अडकता. स्पेनमधल्या ‘व्हिया व्हेर्दे’, म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेल्या वाटा, सुंदर असतात खऱ्या. पण त्याही बऱ्याच ठिकाणी दाबलेल्या मातीच्या आहेत. डांबर कुठे संपतं ते उपग्रहाच्या चित्रात आदल्या रात्री तपासायला दहा मिनिटं लागतात.

उजवी बाजू आणि उलटे ब्रेक

स्पेनमध्ये वाहनं उजवीकडून चालतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि रहदारीत चूकही होत नाही. पुढची गाडीच रस्ता दाखवते. घोटाळा होतो तो रिकाम्या रस्त्यावर. गावातल्या बारबाहेर सायकल टेकवलेली असते, कॉफी होते, गप्पांच्या नादात माणूस निघतो आणि सवयीने डावी बाजू धरतो. समोरून कुणी येत नाही, म्हणून चूक ध्यानातही येत नाही, थेट पुढच्या आंधळ्या वळणापर्यंत. यावर साधा उपाय: हँडलच्या उजव्या टोकाला भडक रंगाची चिकटपट्टी गुंडाळा आणि प्रत्येक थांब्यानंतर निघताना बरोबरच्याने मोठ्याने ‘उजवी’ म्हणायचं ठरवा. पोरकट वाटेल, पण उपयोगी पडतं. चौकातल्या गोल बेटाला वळसाही घड्याळाच्या उलट दिशेने घ्यायचा असतो.

ब्रेकचं प्रकरण जास्त धोक्याचं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तिकडे भाड्याने मिळणाऱ्या सायकलींना साधारणपणे डाव्या हाताला पुढचा. उतारावर अचानक कोंबडी किंवा ट्रॅक्टर आडवा आला की हात सवयीने चालतो. मागचा समजून तुम्ही पुढचा ब्रेक आवळता आणि सायकलच्या आधी स्वतः पुढे जाता. दुकानात सायकल ताब्यात घेतानाच पुढचं चाक उचलून फिरवा, एकेक लिव्हर दाबून बघा. केबलचे ब्रेक असतील तर अदलाबदल करून मागा, थोडक्यात होतं. हायड्रॉलिक डिस्क असतील तर दुकानदार सहसा तयार होणार नाही. मग पहिला दिवस सपाट रस्त्यावर हाताला वळण लावण्यात घाला.

‘चार वाजता ऊन उतरेल’

नाही उतरणार. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे. जूनअखेरीस या भागात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास आणि मावळतो रात्री दहाच्या आसपास. दुपारी बारा ते तीन सावलीत काढून चारला निघण्याचा आपला शहाणपणा इथे नेमका उलटा पडतो, कारण चार ते सहा हीच दिवसातली सगळ्यात तापलेली वेळ. उजाडतंही पावणेसातला. तेव्हा सातला निघा आणि दीड-दोनला मुक्काम गाठा. मग वर अंघोळ, खाली जेवण.

जेवणाचं गणितही याच घड्याळावर बेतलेलं आहे. स्वयंपाकघर उघडतं दीड-दोनला, बंद होतं साडेतीन-चारला. रात्रीचं जेवण नऊच्या आधी मागू नका. दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी पूर्ण बंद, आणि कितीतरी गावांत दुकानच नाही. पावाची गाडी भोंगा वाजवत येते तेवढीच. साडेचारला भुकेने कासावीस होऊन पोहोचलात तर बारमध्ये चिप्सचं पाकीट आणि उरलासुरला ऑम्लेटचा तुकडा, बस. खिशात खजूर, बदाम, घरून नेलेली शेंगदाण्याची चिक्की ठेवाच.

शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढंच सांगून गप्प बसू नये. हिरव्या शेंगांच्या भाजीत हॅमचे तुकडे आणि सॅलडवर ट्यूना हे तिकडे मांसाच्या हिशोबात धरतीलच असं नाही. ‘सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे हॅम नको, ट्यूना नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. बुर्गोसच्या मोर्सिया नावाच्या सॉसेजमध्ये भात असतो हे खरं, पण त्याबरोबर डुकराचं रक्तही असतं.

पाण्याची चिंता खोऱ्यात नाही. जवळजवळ प्रत्येक गावात दगडी कारंजं असतं. ‘नो पोताब्ले’ पाटी असेल तर तोंड धुवायला ठीक. ‘नो त्रातादा’ म्हणजे शुद्धीकरण न केलेलं. गावकरी पितात, तुमचं पोट तुम्ही जाणा. पारामोवर मात्र ना झाड ना पाणी. चढ लागायच्या आधी दोन्ही बाटल्या भरा.

आणि हो, ऊन आहे म्हणून जॅकेट घरी ठेवू नका. ‘नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक’ असं बुर्गोसकर स्वतःच म्हणतात, आणि त्या तीन महिन्यांतही पहाटे उतारावर बोटं बधिर होतात.

वाऱ्याविरुद्धचा प्रवास

आरोच्या पुढचं लोग्रोन्यो शहरही मागे टाकून सारागोसापर्यंत जाणार असाल तर नदीबरोबर खाली जा. वायव्येकडून खोऱ्यातून सुसाटणारा सिएर्सो वारा पाठीशी राहतो. उलट्या दिशेने हाच वारा सपाट रस्त्यालाही घाट बनवतो. उन्हाळ्यात कधी आग्नेयेकडून बोचोर्नो नावाचा गरम वारा सुटतो, तेव्हा हा हिशोब फिरतो. या पट्ट्यातला एन-२३२ हा राष्ट्रीय महामार्ग ट्रकवाल्यांचा. थोडा वळसा पडला तरी गावागावांतून जाणारे लहान रस्ते धरा.

कडेला सरकायची सवय

मागून गाडीचा आवाज आला की आपण आपसूक कडेला सरकतो, प्रसंगी डांबर सोडून खाली उतरतो. इथे ते करू नका. ओलांडताना सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि दोघांनी शेजारी-शेजारी चालवायलाही परवानगी आहे. बहुतेक चालक वळण संपेपर्यंत शांतपणे मागे थांबतात. त्यांना हाताने पुढे जायची खूण करू नका, सरळ रेषेत चालवत राहा.

डांबर सोडण्याचं आणखी एक नुकसान असं की कडेच्या मातीत सराटा असतो. हो, आपल्या बांधावरचाच गोखरू. जमिनीलगत पसरणारी ही वनस्पती मुळात भूमध्य समुद्राच्या भागातलीही आहे. एका खेपेला चार-पाच काटे सहज टोचतात. एक सापडला म्हणून ट्यूब बदलून मोकळे झालात की दहा मिनिटांत नवी ट्यूबही बसते. टायर पूर्ण काढा, आतून बोट सावकाश फिरवा, बाहेरून दिसणारी पिवळट टोकं चिमट्याने किंवा नखाने उपटा, मगच ट्यूब घाला. ट्यूबलेस असेल तर काटा लगेच उपटू नका. गावात पोहोचून, हवा भरायची सोय बघून काढा. सायकलचं दुकान मिरांडा किंवा लोग्रोन्योसारख्या शहरातच मिळेल, तेव्हा दोन ट्यूब, पॅच आणि साखळीचा जोड बरोबर हवाच.

बाकी नियम थोडक्यात. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. इअरफोन लावायचे नाहीत. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही मोटारचालकाइतकीच, रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम, दुपारच्या ठरावीक जेवणाबरोबर वाइन येते आणि आरोत तर पदोपदी बोदेगा, म्हणजे वाइनचे कारखाने, आहेत, म्हणून ती मुक्कामी पोहोचल्यावर. मेंढ्यांच्या कळपाबरोबर धिप्पाड मास्तिन कुत्रे असतात. त्यांच्याशी शर्यत लावू नका; उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे व्हा. अपघात झालाच तर क्रमांक ११२.

परतीची गाडी मात्र शेवटच्या दिवसावर ढकलू नका. राइनोसा, मिरांडा दे एब्रो आणि आरो तिन्हीकडे रेल्वे स्टेशन आहे. प्रादेशिक गाड्यांत सायकल उभी नेता येते, पण जागा मोजक्या असतात. एव्हे या वेगवान गाडीत ती सुटी करून पिशवीत किंवा खोक्यात घालावी लागते. माणसाचं तिकीट काढताना सायकलची जागाही तिथेच नक्की करा, आणि पेडल काढायचा पाना सामानाच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा.