जुन्या दशकांच्या स्टाईलचे लेडीज शूज कसे ओळखायचे आणि निवडायचे

रेट्रो शूज घ्यायचेत पण नेमका कुठल्या दशकाचा लुक हवाय तेच ठरत नसेल तर आधी फक्त तीन गोष्टी बघा, पुढचं टोक, हील आणि पट्टा. रंग, बो, बकल हे सगळं नंतर, कारण ते फिरून फिरून येतंच राहतं.

पहिल्यांदाच घेत असाल तर मी १९२० च्या दशकापासून सुरुवात करा म्हणेन. तेव्हा स्कर्ट आखूड झाले, पाय दिसायला लागले त्यामुळे शूज सजायला लागले, आणि चार्ल्सटनसारखा धसमुसळा डान्स करताना ते निसटू नयेत म्हणून पट्टा हवाच असायचा. म्हणून मेरी जेन (पायावर एक आडवा पट्टा) आणि टी-स्ट्रॅप (आडव्या पट्ट्याला मधोमध उभा पट्टा, इंग्रजी T सारखा). टोक गोलसर, हील मध्यम, पाय घट्ट धरला जातो, दिवसभर घालता येतात आणि ड्रेस, पँट कशावरही चालतात.

तिसाच्या दशकाच्या शेवटी वेज आली, म्हणजे टाचेपासून पुढे सलग भरीव हील. इटलीत शूजच्या कमानीत (तळव्याच्या मधल्या उंच भागात) घालायला चांगलं स्टील मिळेना, तेव्हा तिथल्या साल्वातोरे फेरागामो या शू डिझायनरने टाच आणि पंजा यांच्यामधली कमानीखालची जागा कॉर्कनेच भरून टाकली! पुढे दुसऱ्या महायुद्धात चामड्याची टंचाई, अमेरिकेत १९४३ मध्ये शूजचं रेशनिंग सुरू झालं, माणशी वर्षाला ३ जोड. त्यामुळे चाळिशीचा, म्हणजे १९४० च्या दशकाचा लुक हवा असेल तर चमचम नको, ब्राऊन किंवा काळा रंग, गोल टोक आणि जाड दणकट हील बघा.

पन्नाशीची ओळख म्हणजे स्टिलेटो, उंच आणि सुईसारखी बारीक हील. आत धातूची सळई घातली म्हणून एवढी बारीक हील वजन पेलू शकली. दिसते सुंदरच, पण सगळा भार पुढच्या पंजावर येतो, म्हणून तोच नाजूकपणा हवा असेल तर त्याच काळातली छोटी किटन हील घ्या. साठीत मिनीस्कर्ट आले आणि शूज उलट सपाट झाले, फ्रेंच डिझायनर आंद्रे कुरेज यांच्या १९६४ च्या कलेक्शनमधले पांढरे बूट आठवा. चौकोनी टोक, बुटकी, जाड ठोकळ्यासारखी ब्लॉक हील. चालायला मस्त.

सत्तरीचे प्लॅटफॉर्म (पुढचा सोलही जाड असलेले शूज) बघून घाबरू नका, इथे साधी वजाबाकी करा. हील ११ सेंटीमीटर आणि पुढचा सोल ४ असेल तर पायाला उतार ७ चाच लागतो. पण सोल वाकत नाही म्हणून घोटा सांभाळावा लागतो, पट्टा असलेलाच जोड घ्या. ऐंशीचे भडक रंगाचे पंप्स (पट्टा-लेस नसलेले, बंद टोकाचे हीलवाले शूज) सोपे, बाकी कपडे साधे ठेवले की झालं. नव्वदीचे जाड सोलचे लेसवाले बूट तर फुलाफुलांच्या फ्रॉकवर फार छान दिसतात.

एकावेळी एकच जुनी गोष्ट घाला. डोक्यापासून पायापर्यंत सगळंच पन्नाशीचं केलं की नाटकाचा ड्रेस वाटतो.

खरेच जुने, वापरलेले शूज घेत असाल तर साईजच्या आकड्यावर जाऊ नका, आतल्या तळव्याची लांबी-रुंदी मोजून मागा. हील हलवून बघा, डुगडुगते का ते. आणि पॉलीयुरेथेनचा (फोमसारख्या प्लॅस्टिकचा) सोल असेल तर अंगठ्याने जोरात दाबा, तो नुसता कपाटात पडूनही वर्षानुवर्षांनी भुसभुशीत होतो, तुकडे पडायला लागले असतील तर जोड कितीही गोड असला तरी सोडून द्या.