स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेपूर्वी धोक्याचा अंदाज कसा घ्यावा

आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत स्वादुपिंडाच्या गाठीचे दुखणे बहुधा काविळीने कळते. डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, गावठी औषधांत दोन-तीन आठवडे निघून जातात आणि मग सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी गाठ दिसते. ती काढण्याच्या व्हिपल शस्त्रक्रियेसाठी मुंबईला किंवा गोव्यातील बांबोळीला जाण्यापूर्वीच, पुढे कोणता त्रास संभवतो याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

अडलेले पित्त वाहते करण्यासाठी पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालायचा ठरल्यास त्याआधी सी. टी. स्कॅन करून घ्यावा, कारण स्टेंटनंतरच्या सुजेमुळे गाठीची कड नीट दिसत नाही. रक्तातील बिलीरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) साधारण १४ मिलिग्रॅमच्या आत असेल आणि शस्त्रक्रिया लवकर होणार असेल, तर स्टेंट खरोखर हवा का, हे सर्जनला विचारावे. स्टेंटने पित्तात जंतू शिरतात. थंडी वाजून ताप येत असेल तर मात्र रुग्णालय गाठायला एक दिवसही थांबू नये.

सर्वांत मोठी भीती शस्त्रक्रियेत उरलेले स्वादुपिंड आतड्याला जोडतात त्या ठिकाणाहून पाचक रस गळण्याची असते. त्यासाठी स्कॅनच्या अहवालात स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेचा व्यास पाहावा, आणि तो लिहिलेला नसेल तर विचारून घ्यावा. गाठीने नलिका अडून ती ६-७ मिलिमीटर फुगलेली आणि ग्रंथी कडक झालेली असेल, तर टाका घट्ट धरतो. नलिका ३ मिलिमीटरपेक्षा बारीक आणि ग्रंथी मऊ असेल, तर शहाळ्याच्या कोवळ्या मलईत सुई घालावी तसे होते. ‘बाकी स्वादुपिंड अगदी निरोगी आहे’ हे ऐकून नातेवाईक सुखावतात, पण गळतीचा संभव तिथेच अधिक असतो. स्थूलपणाने तो वाढतो, आणि पुरुषांतही तो जास्त आढळतो.

रुग्णाची ताकद घरच्यांनाच आधी कळते. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, एक जिना चढताना मध्येच बसावे लागले, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले किंवा रक्तातील ऍल्ब्युमिन हे प्रथिन ३ ग्रॅमच्या खाली गेले, तर जखम भरणे आणि छातीचा संसर्ग या दोहोंची चिंता करावी. अशा वेळी नुसत्या पेजेवर ठेवू नये. अंडी, डाळ, पचेल तसा मासा द्यावा, आणि शौच तेलकट होत असेल तर जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल लागतील का, हे विचारावे. विडी आणि मशेरी त्याच दिवशी बंद करावी. साखर, हृदय यांच्या तपासण्या नेहमीच्याच.

धोका अधिक दिसत असेल, तर रुग्णालय निवडताना दोन गोष्टी विचाराव्यात: अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात, आणि मध्यरात्री रक्तस्राव झाल्यास नळी घालून रक्तवाहिनी बंद करणारे रेडिओलॉजिस्ट तिथे मिळतात का. गळालेल्या रसाने रक्तवाहिनी झिजून होणारा हा रक्तस्राव घरी सोडल्यानंतरही होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णाला लगेच रात्रीच्या गाडीने सावंतवाडीला आणू नये. सर्जन सांगतील तितके दिवस रुग्णालयाजवळच राहण्याची सोय आधीच करून ठेवावी.